घरच्या वर्कशॉपसाठी टेबल सॉ: पोर्टेबलच घ्यावा

सागवानी

हौसेनं लाकूडकाम करणाऱ्यांत टेबल सॉचा, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडवर लाकूड ढकलून कापायच्या मशीनचा, विषय निघाला की दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला: मार्बल कटरला (फरशी कापायच्या हातातल्या मशीनला) लाकडाचं ब्लेड लाव, प्लायच्या तुकड्याखाली उलटा बसव, झाला टेबल सॉ. दुसरा: घ्यायचं तर बिडाच्या टेबलाचं तीन एचपीचं मशीन घे, जन्मभराची चिंता मिटली. मला दोन्ही पटत नाहीत. गॅलरी, पार्किंगचा कोपरा किंवा एखादी खोली एवढीच जागा असेल, तर २५० ते २५४ मिलिमीटर ब्लेडचा, १८०० ते २००० वॅटचा, घडीच्या स्टँडवरचा पोर्टेबल सॉच योग्य. बॉश जीटीएस २५४ किंवा डिवॉल्ट डीडब्ल्यूई ७४९२ हे त्या जातीतले.

दुकानात गेलं की सगळे आधी वॅट विचारतात. मी आधी रायव्हिंग नाइफ बघतो, मग फेन्स (ज्याला टेकवून लाकूड सरळ ढकलतात ती आडपट्टी), आणि मोटर सगळ्यात शेवटी.

ब्लेडच्या मागे उभी असलेली, ब्लेडबरोबर वर-खाली होणारी आणि तिरकी होणारी पातळ पट्टी म्हणजे रायव्हिंग नाइफ. सागवानाची फळी फाडताना, म्हणजे लांबीत उभी कापताना, आतला ताण सुटतो आणि कापलेल्या दोन बाजू पुन्हा जवळ येऊन ब्लेडला आवळतात. ब्लेडचे मागचे दाते वर येणारे असतात. ते फळी उचलतात आणि थेट आपल्या पोटाच्या दिशेनं फेकतात, यालाच किकबॅक म्हणतात. २५४ मिलिमीटरचं ब्लेड मिनिटाला ४३०० फेऱ्यांनी फिरलं तर दात्याचा वेग सेकंदाला ५७ मीटर होतो, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. त्या क्षणी हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. आणि फळीवर ठेवलेला हात फळीबरोबर ब्लेडकडे ओढला जातो, हे किकबॅकचं खरं भय. ही पट्टी काप मिटू देत नाही आणि फळीला मागच्या दात्यांवर सरकू देत नाही. ती नसलेलं मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

फेन्स तपासायला दुकानात पाच मिनिटं पुरतात. फेन्स लॉक करा, मायटर स्लॉटपासून (टेबलावर ब्लेडला समांतर असलेल्या खाचेपासून) पुढे आणि मागे अंतर मोजा. मागचं टोक ब्लेडकडे झुकलेलं असेल तर तो फेन्स लाकूड जाळणार आणि किकबॅकला आमंत्रण देणार. रॅक-पिनियनवर (दातेरी पट्टी आणि चाकावर) सरकणारा फेन्स दोन्ही टोकांना एकदम सरकतो, म्हणून तो मला आवडतो.

मोटरबद्दल थोडक्यात. या ब्लेडनं ७५ मिलिमीटरच्या आसपास खोल काप मिळतो. घरी आपण १८ मिलिमीटर प्लाय आणि इंच-दीड इंच सागवान कापतो, त्याला १८०० वॅट पुरे. फाडायला २४ दात्यांचं आणि प्लायला ६० दात्यांचं ब्लेड ठेवा. २३० व्होल्टला हे मशीन आठ-नऊ अँपिअर घेतं, म्हणजे गीझरच्या १५ अँपिअर सॉकेटवर निवांत चालतं.

रेल आणि क्लॅम्प

सागवानीजी, किकबॅकबद्दल लिहिलंत ते शंभर टक्के मान्य. पण मग घरात टेबल सॉ आणायचाच कशाला?

आठ बाय चारची १८ मिलिमीटर प्लाय पस्तीस किलोच्या आसपास भरते. ती एकट्यानं पोर्टेबल सॉच्या एवढ्याशा टेबलावर ढकलायची, डाव्या हातानं सांभाळायची, फेन्सला चिकटून ठेवायची आणि वर पलीकडून पडू द्यायची नाही. हे काम दोन माणसांचं आहे. उलट ट्रॅक सॉ, म्हणजे लाकडावर ठेवलेल्या सरळ रेलवरून हातानं ढकलायचा गोल ब्लेडचा सॉ, किंवा रेलवर चालणारा चांगला सर्क्युलर सॉ घ्या. जमिनीवर दोन इंची थर्माकोलची शीट टाका, त्यावर प्लाय ठेवा, रेल ठेवा, कापा. लाकूड जागेवर, मशीन फिरतं. बोटं ब्लेडपासून दूर, दोन्ही हात मुठींवर. फेन्सच नाही, त्यामुळे फेन्स आणि ब्लेडच्या मध्ये तुकडा अडकून उडण्याचा प्रकारही नाही. काम संपलं की मशीन कपाटात आणि रेल दाराआड. टेबल सॉ दुमडला तरी त्याला कोपरा लागतोच, आणि वापरताना पुढे-मागे आठ-आठ फूट मोकळी जागा लागते, तिचा हिशोब कोणी धरत नाही.

शिवाय पुण्यात प्लायच्या दुकानांजवळ पॅनल सॉवर कापून देणारे आहेत. खालून छोटं स्कोअरिंग ब्लेड आधी लॅमिनेटवर रेघ मारतं, मग मोठं ब्लेड कापतं. तशी स्वच्छ कड घरच्या कुठल्याही टेबल सॉवर मिळणार नाही. मोठ्या शीटा तिकडे कापून आणा, उरलेलं रेलवर. हा माझा पक्का सल्ला आहे.

सागवानी

प्लायपुरतं तुमचं म्हणणं मी स्वीकारतो. पूर्ण शीट पोर्टेबल सॉवर मीही चढवत नाही. पण प्लायच्या कडेला लावायची सागवानी लिपिंग पट्टी घ्या. २० मिलिमीटर रुंद, आठ फूट लांब, एकसारख्या पंधरा-वीस पट्ट्या. रेल टेकवायला खाली तेवढं रुंद लाकूडच नसतं. दर पट्टीला पुन्हा माप, पुन्हा क्लॅम्प, आणि प्रत्येक पट्टी केसभर वेगळी. टेबल सॉवर फेन्स एकदा लावला की शेवटची पट्टीही पहिलीसारखीच. चौकटी, ड्रॉवरच्या बाजू, फोटो फ्रेम, जिथे एकच माप पुन्हा पुन्हा हवं तिथे रेल थकते. अरुंद पट्टीला पुश स्टिक (लाकूड पुढे ढकलायची काठी) हातात हवीच, बोटं नाहीत, हे मात्र आवर्जून सांगतो.

फणसाची फळी

मी रत्नागिरीकडचा. आमच्याकडे प्लायपेक्षा फणस, आंबा, सागवान जास्त. वखारीतून फळ्या येतात त्या सरळ नसतात, जाडी एकसारखी नसते, आणि फणसाचं लाकूड चिवट. असं लाकूड दिवसभर फाडायचं तर पोर्टेबलची ब्रशची मोटर टाहो फोडते. आवाज कानाला बसणारा, आणि तापली की वास सुटतो. बिडाच्या मशीनची, पट्ट्यानं ब्लेड फिरवणारी, ब्रश नसलेली इंडक्शन मोटर नुसती घुमत राहते, जाड फळी घातली तरी वेग पडत नाही. मशीनच्या वजनानं थरथर मरते, काप गुळगुळीत येतो, रंधा कमी मारावा लागतो. बिघडलं तर बेअरिंग आणि कपॅसिटर तालुक्याच्या गावी मिळतो. पोर्टेबलच्या मोटरचं आतलं फिरतं आर्मेचर जळलं की कुरिअरची वाट बघा.

तुम्ही शहरातले लोक जागेचा विचार करता, ते ठीक. पण ज्याच्याकडे पडवी आहे, मागे खोपी आहे, त्याला पोर्टेबलच घ्या म्हणणं अन्यायाचं आहे.

सागवानी

दादा, पडवी असेल तर इंडक्शन मोटरच्या बाजूनं तुमचे सगळे मुद्दे खरे. माझी हरकत दुसरीकडे आहे. मी पाहिलेल्या बऱ्याच स्थानिक बनावटीच्या मशीनांना रायव्हिंग नाइफ नाही, ब्लेडवर गार्ड नाही, पट्टाही उघडा. आणि तीन एचपी म्हणजे चालू असताना तेरा-चौदा अँपिअर, सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. घरगुती एमसीबी पडतो, आणि गावात व्होल्टेज उतरलेलं असेल तर मोटर उठतच नाही, नुसती हूं करत तापते.

कोकणातल्या पावसात बिडाच्या टेबलाचं काय करता, तेही सांगा.

फणसाची फळी

पावसाळ्याआधी टेबल घासून मेण लावायचं, वर जुनी चादर टाकायची नाही, प्लायचा तुकडा ठेवायचा. चादर ओल धरते, तिनं गंज लवकर चढतो. मेण महिन्याला एकदा. गंज आलाच तर बारीक पॉलिश पेपर आणि थोडं तेल. बीड त्यानं वाया जात नाही.

वायरिंगचा मुद्दा बरोबर आहे, वेगळी लाइन आणि सी कर्व्हचा, म्हणजे सुरू होतानाचा जादा करंट सोसणारा, एमसीबी लागतो. त्या खर्चाला घाबरून मशीन बदलू नये. रायव्हिंग नाइफबद्दल मात्र तुमच्याशी वाद नाही. फॅब्रिकेटरकडून ब्लेडच्या पत्र्यापेक्षा किंचित जाड आणि दात्यांच्या कापापेक्षा किंचित पातळ पट्टी करून मागे बसवता येते. ती ब्लेडबरोबर वर-खाली होत नाही, तरी काप मिटू देत नाही. काहीच नसण्यापेक्षा हे शंभर पट बरं.

हडपसरचा

मार्बल कटरवर सगळे तुटून पडलात, पण घरातलं फर्निचर कशावर झालंय ते आठवा. आमचे मिस्त्री त्याच उलट्या कटरवर पूर्ण किचन करतात. त्यांची बोटं शाबूत आहेत. हौशी माणसानं पहिल्याच दिवशी पन्नास हजार का घालावेत?

रेल आणि क्लॅम्प

कारण मिस्त्रींच्या मजबुरीची आपण नक्कल करायची गरज नाही. त्यांना आज एका साइटवर, उद्या दुसऱ्या, सगळं सामान स्कूटरवर न्यायचं असतं. मालक दिवस मोजत असतो. त्या परिस्थितीत त्यांनी काढलेला तो मार्ग आहे आणि त्यांचा हात वर्षानुवर्षं तयार झालेला आहे. तरीही अर्धं बोट गेलेले मिस्त्री मी पाहिले आहेत, तुम्हीही पाहिले असतील. त्यांना कोणी विचारत नाही, म्हणून ते सांगत नाहीत.

कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे मारतो. दगड कापायला बनवलेला, हातात धरायला बनवलेला. उलटा बसवला की गार्ड निघतो, स्विच टेपनं दाबून ठेवतात, म्हणजे काही अडकलं तर बंद करायला वाकून प्लग ओढायचा. खर्च कमी करायचा असेल तर हातकरवत, गुण्या आणि चांगला रंधा घ्या. त्यावर सुंदर काम होतं. हा कटर मात्र नको, कुणालाच नको.

जर्सीकर

अमेरिकेतून लिहितोय. इथे टेबल सॉच्या जखमा घेऊन दवाखान्यात पोचणाऱ्यांचा सरकारी अंदाज वर्षाला ३०,००० च्या आसपास आहे, आणि त्यातल्या बऱ्याच मशीनांना गार्ड, रायव्हिंग नाइफ सगळं असतं. लोक काढून ठेवतात. म्हणून मी सॉस्टॉप, म्हणजे बोट लागताच ब्लेड थांबवणारा ब्रेक असलेला टेबल सॉ, घेतला. ब्लेडला त्वचा लागली की ५ मिलिसेकंदांच्या आसपास अॅल्युमिनियमचा ठोकळा ब्लेडमध्ये घुसतो आणि ब्लेड खाली जातं. ब्लेड आणि ब्रेक दोन्ही बदलावे लागतात, बोटावर ओरखडा राहतो. ओलं लाकूड किंवा खिळा लागला तरी ब्रेक सुटू शकतो, तो खर्च मी मान्य केलाय. तुमच्या चर्चेत पोर्टेबल की बिडाचं हाच प्रश्न आहे. मला तो दुय्यम वाटतो.

सागवानी

ब्रेकचं महत्त्व मान्य. पण ब्रेक किकबॅक थांबवत नाही, तो त्वचेला ओळखतो, उडणाऱ्या फळीला नाही. त्यामुळे तुमच्या मशीनवरही रायव्हिंग नाइफ लागतेच, आणि उभं राहायचं ते ब्लेडच्या रेषेतून बाजूलाच. गार्ड काढून ठेवण्याच्या सवयीबद्दल तुम्ही लिहिलंत ते मोलाचं आहे. गार्ड लावायला-काढायला सोपा आहे का, हेही दुकानात हातानं करून बघावं. अवघड असेल तर तो महिन्याभरात माळ्यावर जातो.

नवी पटाशी

मी पहिल्या मजल्यावर राहते, खोली दहा बाय बारा. शेजारी लहान बाळ आहे. पोर्टेबल सॉ घ्यावा की नाही, एवढंच सांगा. मला ड्रॉवर आणि बुकशेल्फ करायचे आहेत.

रेल आणि क्लॅम्प

ताई, नका घेऊ. टेबल सॉचा आवाज आणि धूळ दोन्ही बंद खोलीत सहन होणार नाहीत. लाकडाची धूळ आयएआरसीनं (जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं) कॅन्सरकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलेली आहे. मोठे काप बाहेरून करून आणा.

सागवानी

इथे मी रेलवाल्यांच्या बाजूनं. दहा बाय बारात आठ फुटी फळी ब्लेडच्या पुढे आणि मागे मावतच नाही. पुढे पार्किंगमध्ये जागा मिळाली तर विचार करा. तेव्हा ब्लेड घेण्याआधी मशीनच्या शाफ्टचं माप बघा: काहींना ३० मिलिमीटर भोकाचं ब्लेड लागतं, काहींना २५.४ चं. आणि पातळ कापाचं ब्लेड घेतलंत तर त्याचा काप रायव्हिंग नाइफच्या जाडीपेक्षा रुंद आहे ना, हे पाकिटावर वाचून घ्या. नाहीतर फळी नाइफवर अडते, आणि लोक ब्लेड परत करायच्या ऐवजी नाइफ काढून टाकतात.