मान आखडेपर्यंत थांबू नका

एका चर्चेत कुणीतरी लिहिलंय की मान आखडली नसेल तर मेनिंजायटिसची (मेंदूभोवतीच्या आवरणाला येणाऱ्या सुजेची; इथे जिवाणूंमुळे होणाऱ्या) भीती नाही. हा समज धोकादायक आहे, म्हणून लिहितो. ताप, मान आखडणं आणि शुद्ध हरपणं किंवा भ्रमिष्टपणा ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसतात ती जेमतेम निम्म्या प्रौढ रुग्णांत. नेदरलँड्समधल्या ६९६ रुग्णप्रसंगांच्या अभ्यासात हे प्रमाण ४४ टक्के होतं. मात्र या तिघांत डोकेदुखी धरली, तर चारपैकी किमान दोन लक्षणं ९५ टक्क्यांत आढळली. म्हणजे ताप, जबर डोकेदुखी आणि माणूस असंबद्ध बोलतोय, एवढं पुरे आहे. वयस्कर माणसांत तर नुसती गुंगीच दिसू शकते, आणि घरचे म्हणतात, 'थकलेत, झोपू द्या.'

दुसरा मुद्दा सीटी स्कॅनचा. झटके, एका बाजूची कमजोरी किंवा खूप कमी झालेली शुद्ध असेल तर तपासणीसाठी पाठीच्या कण्यातलं पाणी काढण्याआधी स्कॅन करतात, ते योग्यच. पण स्कॅनच्या रांगेत अँटिबायोटिक अडकता कामा नये! रक्ताचा नमुना कल्चरसाठी (जिवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी) घ्यायचा आणि लगेच, शक्यतो रुग्णालयात आल्यापासून तासाभरात, पहिला डोस द्यायचा. पाणी नंतरही तपासता येतं.

डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी किंवा सोबतच देतात. न्यूमोकोकस या जिवाणूच्या संसर्गात त्याचा फायदा सर्वांत स्पष्ट दिसतो. पन्नाशीपुढच्यांना लिस्टेरिया या जिवाणूसाठी अँपिसिलिन हे अँटिबायोटिकही जोडतात, कारण नेहमी दिलं जाणारं सेफ्ट्रियाक्सोन त्यावर चालत नाही.

या आजाराने ऐकू येणं कमी होऊ शकतं, म्हणून बरं झाल्यावर श्रवणचाचणी नक्की करून घ्या. ती फार वेळा राहून जाते.