मदत हवी आहे: नव्या स्पोर्ट्स कारच्या उजव्या बाजूचे पॅनेल गॅप (पत्र्यांमधील फटी) असमान आहेत, बोल्ट सैल करू द्यावेत का?

सर्व सदस्यांस नमस्कार.

बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकचे सुटे भाग बनवणारा आमचा लहानसा कारखाना आहे. नुकतीच पुण्याहून दोन दारांची एक नवी स्पोर्ट्स कार घेतली. कंपनीचे व विक्रेत्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पत्रव्यवहार सुरू आहे आणि येथे मला तक्रारीपेक्षा निदान हवे आहे. गाडी सध्या तात्पुरत्या नोंदणीवर असून बेळगाव आरटीओकडे कायम नोंदणी व्हायची आहे.

गाडीचे बॉनेट, दोन्ही दारे आणि पुढचे फेंडर (पुढच्या चाकांवरचे पत्रे) ॲल्युमिनियमचे आहेत. मागचे क्वार्टर पॅनेल (दारामागचा, मागच्या चाकावरचा पत्रा) पोलादाचे असून ते सांगाड्याला वेल्ड केलेले आहे. डाव्या बाजूला सर्व फटी समांतर आहेत. दार आणि क्वार्टर पॅनेल यांच्यामध्ये वर ३.८ व खाली ४ मिलिमीटर, तर बॉनेट आणि फेंडर यांच्यामध्ये काचेपासून हेडलॅम्पपर्यंत जवळजवळ सारखेच, म्हणजे सुमारे ४ मिलिमीटर अंतर आहे. उजव्या, म्हणजे चालकाच्या बाजूला मात्र चित्र वेगळे दिसते. दाराच्या मागच्या कडेची फट वर ३ आणि खाली ५.२ मिलिमीटर भरते. पुढच्या कडेची, म्हणजे फेंडरकडची फट याच्या उलट वर ४.६ आणि खाली ३.४ आहे. बॉनेट व उजवे फेंडर यांच्यातील फट काचेजवळ ३.२ मिलिमीटरवरून सुरू होते आणि हेडलॅम्पजवळ ५.४ पर्यंत रुंदावत जाते. शिवाय दार बंद केल्यावर त्याची मागची कड क्वार्टर पॅनेलपेक्षा किंचित खाली बसते, त्यामुळे बाजूने गेलेली बॉडीची रेषा तेथे तुटल्यासारखी वाटते.

ही मापे गाडी रात्रभर शेडमध्ये सपाट फरशीवर उभी ठेवून सकाळी घेतली आहेत. पोलादी फीलर गेजने रंगावर ओरखडे उठतात, म्हणून प्लॅस्टिकचे निमुळते गॅप गेज वापरले आणि रुंद जागी ड्रिलच्या शँकवर टेप गुंडाळून खात्री केली.

विक्रेत्याच्या सर्व्हिस सल्लागाराचे म्हणणे असे की हे सर्व 'मर्यादेत' आहे आणि ॲल्युमिनियम उन्हात प्रसरण पावत असल्याने इतका फरक पडतोच. मर्यादा किती, हे विचारल्यावर आकडा मिळाला नाही. प्रसरणाचे म्हणाल तर ॲल्युमिनियमचे एक मीटर लांबीचे पॅनेल तापमानात ३० अंशांचा फरक पडल्यावर सुमारे ०.७ मिलिमीटरने वाढते, आणि पोलादाचे त्याच्या निम्म्याने. हा परिणाम दोन्ही बाजूंना सारखा व्हायला हवा. एकच बाजू तिरकी होते आणि तीही शेडमध्ये सकाळी, याचे उत्तर उन्हात सापडत नाही. आमच्याकडे एखाद्या ग्राहकाला रेखाचित्रावर टॉलरन्स न दाखवता 'माल मर्यादेत आहे' असे सांगितले, तर तो पुढचा माल उचलणारच नाही.

महामार्गावर निपाणीच्या दिशेने ताशी ८० च्या पुढे गेल्यावर उजव्या काचेच्या मागच्या वरच्या कोपऱ्यातून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. दारांना काचेची चौकट नाही. दार उघडताना काच थोडी खाली सरकते आणि बंद केल्यावर वर येऊन रबरात बसते. दारच तिरके असेल तर काचही तिरकीच बसणार, असा माझा अंदाज आहे. पाणी अजून आत आलेले नाही, परंतु आमच्याकडचा पाऊस आणि चोर्ल्याचा घाट लक्षात घेता त्याची काळजी वाटते.

गाडी वाहतुकीत कोठेतरी आदळून दुरुस्त केली असेल, ही शंका साहजिकच आली. ॲल्युमिनियमवरही चालणाऱ्या मीटरने रंगाची जाडी मोजली. सर्व पॅनेलवर ती १०५ ते १३० मायक्रॉनच्या दरम्यान आहे आणि उजव्या फेंडरवर वेगळे काही आढळले नाही.

विक्रेता आता 'गाडी पाठवा, बसवून देतो' असे म्हणत आहे. कारखान्यातून आलेले बोल्ट त्यांना सैल करू द्यावेत का? दोष बिजागरीत आहे की सांगाड्यात, हे त्याआधी घरच्या घरी कसे ओळखावे? आणि कायम नोंदणी थांबवून ठेवण्यात काही अर्थ आहे का? अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: निपाणीकर

नमस्कार साहेब. कोल्हापुरात बॉडीशॉपमध्ये माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे आपली मापे वाचून बरे वाटले. बहुतेक जण नुसता फोटो टाकून 'फट जास्त वाटते का' एवढेच विचारतात.

आपल्या गाडीत दोन वेगळे प्रश्न आहेत असे मला वाटते. मागची फट वर अरुंद व खाली रुंद, पुढची बरोबर उलट, आणि मागची कड खाली, ही दार बिजागरीवर झुकल्याची खूण आहे. जुन्या वाड्याचे दार झुकून उंबऱ्याला घासू लागते, तोच प्रकार. हे बिजागरीचे बोल्ट सैल करून दुरुस्त होते व त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र एक गोष्ट बजावून सांगतो: कोणी स्ट्रायकर (दाराची लॅच ज्यात अडकते तो खांबावरचा हूक) वर-खाली करून दार उचलून बसवू लागला, तर त्याला तेथेच थांबवावे. स्ट्रायकरने दार आत-बाहेर किती बसते ते ठरवायचे असते; झुकलेले दार त्याच्यावर टेकवले तर आज रेषा जुळते आणि पुढे लॅच झिजते.

बॉनेटची गोष्ट निराळी आहे. बॉनेट स्वतः फिरले असते, तर डावी फटही तिरकी झाली असती. ती समांतर आहे, म्हणजे बॉनेट जागेवर असून उजवे फेंडर पुढच्या टोकाला बाहेर गेले आहे. आता ते फक्त सैल बोल्टांमुळे गेले, की ज्या पट्टीवर ते बसते ती आतली पट्टीच सरकली आहे, हे पाहायला हवे. रंगाच्या जाडीवरून याचा उलगडा होणार नाही, कारण फेंडर न रंगवता काढून पुन्हा बसवता येते. बॉनेट उघडून दोन्ही बाजूंच्या फेंडर बोल्टांची डोकी पाहावीत. कारखान्यात बॉडी रंगताना बोल्ट लावलेले असतील, तर त्यांच्यावरचा रंग अखंड असतो आणि पाना लागला की कोपऱ्यांवर तो उडतो. त्यानंतर बॉनेटखालच्या मोकळ्या जागेचे दोन्ही कर्ण, समोरासमोरच्या सारख्याच छिद्रांपासून, टेपने मोजावेत. कर्ण सारखे भरले तर बहुधा सांगाडा शाबूत आहे. एक-दोन मिलिमीटरच्या पुढे फरक आला, तर मोजणीच्या बेंचवर घेतल्याशिवाय कोणालाही हात लावू देऊ नये.

काम करताना क्रमही महत्त्वाचा आहे. क्वार्टर पॅनेल वेल्ड केलेले असल्यामुळे ते हलत नाही. म्हणून आधी दार त्याच्याशी जुळवायचे, मग फेंडर दाराशी, मग बॉनेट फेंडरशी आणि त्यानंतर बंपर. काच सगळ्यात शेवटी नव्याने सेट करून घ्यावी, नाहीतर शिट्टी तशीच राहील. ज्याने समोरून सुरुवात केली, तो फट फक्त मागे ढकलत नेतो. आणि हो, पीपीएफ (रंगावरची पारदर्शक संरक्षक फिल्म) लावायची असेल तर हे सगळे झाल्यावरच लावावी.

प्रतिसाद: टिळकवाडी

दादा, कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार तक्रार आपण राहतो त्या ठिकाणीही दाखल करता येते, त्यामुळे गाडी पुण्यात घेतली म्हणून महाराष्ट्रात खेपा घालण्याची गरज नाही. प्रत्यक्ष दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग आणि त्यावर २ कोटींपर्यंत असेल तर राज्य आयोग, म्हणजे आपल्यासाठी कर्नाटकचा. मुदत दोन वर्षांची आहे. तेथपर्यंत जायची वेळ येऊ नये, पण प्रत्येक गोष्ट ईमेलवर असावी. एवढ्यासाठी गाडी बदलून मिळेल असे मला वाटत नाही. तरीही सांगाड्यात दोष निघाला तर ती मागणी करावी लागेल आणि कर्नाटकचा आजीवन कर एकदा भरला की ती अधिक गुंतागुंतीची होते. म्हणून कर्णांची मोजणी होईपर्यंत, तात्पुरत्या नोंदणीची मुदत सांभाळून, थांबलेले बरे.

मूळ लेखकाचा प्रतिसाद

दोघांचेही आभार. निपाणीकरसाहेब, आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. दोन्ही कर्णांत एक मिलिमीटरही फरक नाही, त्यामुळे मोठी चिंता कमी झाली. मात्र उजव्या फेंडरच्या पुढच्या दोन बोल्टांच्या कोपऱ्यांवरील रंग उडालेला आहे आणि डावीकडचे सर्व अखंड आहेत. फेंडर कोणीतरी सैल केले होते, हे स्पष्ट आहे. कारखान्यात की त्यानंतर, एवढेच कळायचे आहे.

विक्रेत्याला आज ईमेल केला आहे. त्यात मापांचा तक्ता, बोल्टांचे फोटो, कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेतील गॅपची मर्यादा लेखी देण्याची विनंती, गाडी ताब्यात देण्यापूर्वीच्या तपासणीची प्रत आणि स्ट्रायकरला हात न लावता बिजागरीवरच काम करण्याची अट, हे सर्व घातले आहे. काम चालू असताना मी स्वतः तेथे हजर राहणार आहे.

आता एकच शंका उरली आहे. ॲल्युमिनियमच्या दारावर बिजागरीचे बोल्ट एकदा सैल केल्यावर तेच पुन्हा वापरायचे की नवे घालण्याचा आग्रह धरायचा? याचा अनुभव असलेल्यांनी सांगितल्यास पुण्याला जाण्यापूर्वी ईमेलमध्ये तेही लिहून टाकीन.