पापलेटचं माप बाजारात नको, जाळ्यात लागू करा

सायली, कोथरूड:
काल गणेश पेठेच्या मासळी बाजारात एक वाटा बघितला, पापलेटं माझ्या तळहाताएवढीसुद्धा नव्हती, मी घेतली नाहीत पण मागच्या बाईंनी लगेच उचलली. २०२३ मध्ये पापलेटला आपण राज्य मासा केलं, त्याच वर्षी ५४ जातींची किमान मापं ठरवली, पापलेट १३५ मिमी. पण मेलेल्या माशाला पट्टी लावून काय उपयोग? जाळ्याचा आस, म्हणजे भोक, तिरकं असेल तर ओढ बसली की मिटतं आणि पिल्लं आतच राहतात, चौकोनी आस उघडा राहतो, पिल्लं निसटतात. ट्रॉलच्या (बोटीमागे ओढायच्या जाळ्याच्या) खोल्याला, म्हणजे मासे साठतात त्या शेवटच्या पिशवीला, ४० मिमी चौकोनी आस आणि कासवांसाठी टेड (कासव अडवून झडपेतून बाहेर सोडणारी गजांची चौकट) सक्तीचं करा, बंदरावरच जाळी तपासा. मासेमारी बंद करा असं मी म्हणतच नाहीये.

मंगेश:
ताई, मी हर्णैचा, नोकरीला हडपसरला, घरचा ट्रॉलर अजून चालू आहे. एकाच जाळ्यात कोळंबी, माकूल, ढोमा सगळं येतं, आस मोठा केला की बारीक कोळंबी गळते आणि आमचं डिझेल तीच काढते. टेडच्या गजांवर प्लास्टिक अडकलं की झडप उघडीच राहते, मग घोळ, सुरमई गेली. एलईडी मासेमारीवर (झगझगीत दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्यावर) केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली तरी रात्री दिवे दिसतात, आधी ते थांबवा.

सायली:
दिव्यांबद्दल १००% सहमत. पण गजांमध्ये १० सेंमी अंतर असतं हो, कोळंबी आरामात मागे खोल्यात जाते. कासवाला श्वासासाठी वर यावंच लागतं, जाळं दोन-तीन तास ओढलं की ते आत बुडून मरतं. टेड नाही म्हणून अमेरिकेने २०१९ पासून आपली समुद्रातली कोळंबी घेणं थांबवलंय, हा तोटा कोणाचा?

मंगेश:
कासव मरावं असं आम्हाला वाटतं का? मागच्या वर्षी बाबांनी ऑलिव्ह रिडले कासव सोडवायला जाळं कापलं, मी बोटीवर होतो, पुढचा पाय दोऱ्यात पिळलेला, सुरी त्याला लागू नये म्हणून बाबांनी मध्ये स्वतःचा अंगठा धरला होता. २०१८ पासून २५ हजारांपर्यंत भरपाई आहे, मान्य, पण जाळं शिवेपर्यंत फेऱ्या बुडतात त्याचं काय?

अनघा:
मंगेशदादा, म्हणूनच तर टेड हवं ना, जाळं कापायची वेळच येणार नाही.

मंगेश:
एक हंगाम लावून बघायला बाबांना तयार करतो, पण तोटा झाला तर कोण भरणार ते आधी लिहून द्या. आसाचं मात्र मला अजून पटलेलं नाही, आणि सक्ती करायचीच तर सगळ्या बंदरांना एकाच दिवशी करा, नाहीतर शेजारची बोट बारीक आसाने आमच्या डोळ्यांदेखत सगळं उपसून नेणार.