लहान ऑफिसला मॅनेज्ड स्विच लागतोच का?

मॅनेज्ड स्विच म्हणजे ज्याच्या प्रत्येक पोर्टची सेटिंग बदलता येते असा नेटवर्क स्विच. त्यावर नागपूरच्या तीन भागांतल्या तिघांची ही चर्चा, नावाऐवजी भाग लिहिलेत.

सीताबर्डी
१० कॉम्प्युटर, बिलिंगचा १ सर्व्हर, ८ कॅमेरे, त्यांचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर, वायफाय देणारे २ ॲक्सेस पॉइंट आणि राऊटर. इतक्या पसाऱ्याला २४ पोर्टचा मॅनेज्ड पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा) स्विचच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. साध्या स्विचवर कॅमेरे, पाहुण्यांचं वायफाय आणि हिशेबाचा डेटा एकाच नेटवर्कात राहतात. कॅमेऱ्यांचे पासवर्ड बहुतेक ठिकाणी कोणी बदलत नाही. तीन व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर तीन वेगळी नेटवर्कं, करा: क्रमांक १० ऑफिसला, २० कॅमेऱ्यांना, ३० पाहुण्यांना. दुसरं कारण लूप. झाडलोटीत सुटलेली केबल कोणी भलत्याच सॉकेटात खोचली, दोन्ही टोकं एकाच स्विचला गेली, की ब्रॉडकास्टचा पूर येऊन सगळं ऑफिस ठप्प. आरएसटीपी (स्विचमधली लूप रोखणारी सोय) चालू असेल तर तो पोर्ट आपोआप ब्लॉक होतो.

इतवारी
भाऊ, व्हीलॅन केले, पण त्यांच्यात रहदारी कोण सोडणार आणि कोण अडवणार? इंटरनेटवाल्याने बसवून दिलेला राऊटर बहुतेक वेळा लॅनच्या (ऑफिसच्या आतल्या नेटवर्कच्या) बाजूला व्हीलॅन ओळखतच नाही. मग २० आणि ३० ला ना आयपी मिळणार ना इंटरनेट. तसा राऊटर नसताना लोकं स्विचवर पैसा घालून राहिले, हे मला पटत नाही. कॅमेरे वेगळेच ठेवायचे तर ८ पीओई पोर्टवाला एनव्हीआर घ्या, त्याचं आतलं नेटवर्क वेगळंच असतं. पाहुण्यांसाठी ॲक्सेस पॉइंटमधलं गेस्ट आयसोलेशन (पाहुण्यांना ऑफिसच्या नेटवर्कापासून तोडणारी सोय) चालू करा. वाचलेल्या पैशात पूर्ण तांब्याची कॅट-६ केबल टाका. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल लांब पल्ल्यावर व्होल्टेज खाते आणि दोष स्विचवर येतो.

सीताबर्डी
केबलचं शंभर टक्के मान्य. एनव्हीआरचं नाही. त्याला मागून कॅमेरे असले तरी पुढून तो ऑफिसच्याच नेटवर्कात असतो, म्हणजे दार तेच राहतं. शिवाय आठही केबल त्याच्यापर्यंतच ओढाव्या लागतात, प्रत्येकी १०० मीटरच्या आत.

हिंगणा एमआयडीसी
दोघांनीही वॅटचा हिशेब मांडला नाही. रात्री इन्फ्रारेड लागल्यावर कॅमेरा ७ वॅट धरा, ८ चे ५६. ॲक्सेस पॉइंट १३ वॅटचे, दोनाचे २६. एकूण ८२. वर पाव हिस्सा राखीव ठेवला की शंभरच्या पुढे जातं, म्हणून १२० वॅटच्या बजेटचा (सगळ्या पोर्टना मिळून तेवढी वीज देणारा) स्विच बघा. ६५ वॅटचा घेतला तर दिवसभर सुरळीत चालतं आणि अंधार पडला की कॅमेरे एकेक करून रीस्टार्ट होतात. लोक मग कॅमेरेच बदलत बसतात. खोक्यावरचा ३० वॅट हा आकडा एका पोर्टचा असतो, बजेट डेटाशीटमध्येच सापडतं.

आणखी एक. २४ पोर्टमध्ये तुमचे २३ भरले, एकच उरला. त्यापेक्षा १६-१६ चे दोन स्विच घ्या. पीओईवर कॅमेरे, ॲक्सेस पॉइंट, एनव्हीआर, दुसऱ्यावर बाकीचं. दोघांना जोडणारी केबल धरूनही पहिल्यात ४ आणि दुसऱ्यात ३ पोर्ट शिल्लक राहतात. एक बंद पडला तरी निम्मं ऑफिस चालतं.

आणि नागपूरचा मे महिना विसरू नका. अनेक छोट्या स्विचची मर्यादा ४० अंशांची असते, आपल्याकडे बाहेरच पारा ४५ वर जातो. माळ्यावर, टिनाखाली, बंद रॅकमध्ये तो टिकणार नाही. ५० अंशांचा घ्या, आणि रॅक कूलरच्या झोतात ठेवू नका, ओलसर हवा आणि धूळ मिळून पोर्ट खराब करतात.

इतवारी
लूपचा मुद्दा मी मानतो. पण स्वस्त 'स्मार्ट' स्विचपैकी काहींत फक्त लूप डिटेक्शन असतं, आरएसटीपी नसतं. घेण्याआधी दोन्ही शब्द वेगवेगळे शोधा. सेटिंग कोण करणार, हा प्रश्न मात्र राहतोच. पोर्ट व्हीलॅन २० मध्ये टाकला आणि पीव्हीआयडी (पोर्टवर येणारा डेटा कोणत्या व्हीलॅनचा मानायचा तो क्रमांक) १ च ठेवला, की कॅमेरा दिसत नाही. स्विचची सेटिंग ज्यातून उघडते तो मॅनेजमेंटचा व्हीलॅन घाईत बदलला, की स्विचच्या पानावर आपल्यालाच जाता येत नाही, मग रीसेट करून पुन्हा पहिल्यापासून.

सीताबर्डी
म्हणूनच एक पोर्ट व्हीलॅन १ मध्ये, मॅनेजमेंटसाठी मोकळा सोडायचा, सगळं नीट चालेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. बऱ्याच स्विचवर 'अप्लाय' दाबून भागत नाही, 'सेव्ह' वेगळं दाबावं लागतं. नाहीतर लाईट गेली की सेटिंगही गेली. शेवटी सेटिंगची कॉन्फिग फाइल पेनड्राइव्हवर काढून मालकाकडे द्यायची.

इतवारी
तर मग खरेदीचा क्रम उलटा करा. आधी राऊटरच्या सेटिंगमध्ये लॅनसाठी व्हीलॅनचं पान आहे का ते उघडून बघा. नसेल तर पहिला खर्च राऊटरचा, दुसरा दोन्ही स्विचना पुरेल अशा यूपीएसचा. मॅनेज्ड स्विच त्यानंतर.