मदत हवी आहे: कापसाच्या कॉब-डग्लसमध्ये व्हीआयएफ उतरला, स्टँडर्ड एरर मात्र तिथेच

नमस्कार मंडळी,

यवतमाळकडच्या कोरडवाहू कापसाचं उत्पादन फलन, म्हणजे निविष्ठांवरून उत्पादन काढणारं समीकरण, बसवतोय. कॉब-डग्लस रूप, दोन्ही बाजूंना लॉग. उजवीकडे क्षेत्र, मजूर-दिवस, बैलजोडीचे दिवस, नत्र, स्फुरद आणि फवारणीचा खर्च. ज्याचं रान मोठं त्याचे मजूरही जास्त, खतही जास्त, फवारणीही जास्त. त्यामुळे आर-स्क्वेअर (मॉडेल एकूण किती जुळलं ते) झकास, पण क्षेत्र सोडलं तर काहीच सिग्निफिकंट, म्हणजे शून्याहून खात्रीने वेगळं, नाही आणि नत्राचा सहगुणक चक्क उणे.

म्हणून उत्पादन आणि निविष्ठा हेक्टरी केल्या, लॉग क्षेत्र उजवीकडे तसंच ठेवलं. व्हीआयएफ (एखादं चल बाकीच्या चलांना किती चिकटलंय त्याचं माप) दहाच्या खाली आले. पण नत्राचा सहगुणक आणि स्टँडर्ड एरर (त्या सहगुणकातली अनिश्चितता) शेवटच्या दशांशापर्यंत पहिल्यासारखेच! असं का व्हावं? नत्र आणि स्फुरद अजूनही एकमेकांना चिकटलेले आहेत, त्यातलं एक काढू का? रिज रिग्रेशन सुचवलं जातंय, पण त्यात सहगुणक मुद्दाम शून्याकडे ओढले जातात. युरियाची आणखी एक गोणी परवडेल का, हे मला शेतकऱ्याला सांगायचंय. ओढलेल्या आकड्यावर ते कसं सांगू?

प्रतिसाद:

मॉडेल तेच आहे, तुम्ही फक्त पदं फिरवून मांडलीत. क्षेत्राचा नवा सहगुणक म्हणजे सगळ्या लवचिकतांची (निविष्ठा एक टक्का वाढली तर उत्पादन किती टक्के वाढतं, म्हणजे तुमचे मूळ सहगुणक) बेरीज वजा एक. त्याची टी-चाचणी बघा. तो शून्याहून वेगळा ठरत नसेल, तर स्थिर प्रमाण-प्रतिफल (सगळ्या निविष्ठा दुप्पट, तर उत्पादनही दुप्पट) धरून क्षेत्र काढता येईल. स्टँडर्ड एरर उतरायचेच असतील तर तिथे उतरतील, नुसत्या भागाकाराने नाही.

स्फुरद काढू नका, त्याचा परिणाम नत्राच्या नावावर चढेल. डीएपीच्या गोणीत 18 टक्के नत्र आणि 46 टक्के स्फुरद एकत्रच येतात, मग आकडे चिकटणारच. त्यापेक्षा डीएपी आणि युरिया अशी दोन चलं घ्या. युरियाचा वरखताचा हप्ता ज्याच्या त्याच्या पावसावर आणि खिशावर ठरतो, म्हणून तो वेगळा दिसायची शक्यता जास्त. तुमचा प्रश्नही गोणीचाच आहे. ज्यांनी युरिया टाकलाच नाही त्यांच्या शून्याचा लॉग निघत नाही, तेवढं सांभाळा.

आणि मजूर-दिवसांत वेचणी धरली आहे का? वेचणीची मजुरी किलोवर असते. कापूस जास्त निघाला म्हणून वेचणी जास्त लागते, उलट नाही. निंदण, डवरणी, फवारणीचेच दिवस ठेवून पुन्हा चालवा आणि क्षेत्राचा टी किती येतो ते इथे टाका.