डायनासोर बघायला पोरांना कुठे नेलंत?

सुट्टी लागली की आमच्या घरी एकच धोशा, "बाबा, डायनासोर बघायला जाऊया की!" बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या आईबाबांनी पोरांना कुठे नेलं, त्यांच्या डोक्यात काय राहिलं, ते लिहा. खरे जीवाश्म बघितले असतील तर आवर्जून लिहा.

सुरुवात मी करतो. गेल्या वर्षी थोरल्याला घेऊन हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात गेलो. तिथे कोटासॉरसचा सांगाडा उभा आहे, सुमारे ४४ फूट लांब, तेलंगणातल्या यमनपल्लीजवळ सापडलेला. त्याआधी एका रिसॉर्टमध्ये फायबरचे डायनासोर बघितले होते. तिथे पोरगा एकाच्या पाठीवर बसला, फोटो काढला, आणि झालं. इथे मात्र मांडीच्या हाडापाशी थांबला, आपला पाय शेजारी धरून बघितला आणि हळूच म्हणाला, "हे खरंच चालत होतं?"

निपाणी
आमच्याकडे मैदानावर प्रदर्शन आलं होतं, मान हलवणारे, डरकाळ्या फोडणारे डायनासोर. धाकटी तीन वर्षांची. दारातच मला बिलगली, रात्री दोनदा दचकून उठली. तिकीट काढायच्या आधी बाहेर उभं राहून आवाज ऐका.

खानापूर
बहीण वडोदऱ्याला असते, म्हणून गुजरातमधल्या बालासिनोरजवळच्या रैयोलीला जाता आलं. तिथे १९८० च्या दशकात हाडं आणि अंडी सापडली. राजासॉरस या डायनासोरचं नाव २००३ साली ठरलं, त्याचीही काही हाडं तिथलीच. वाटाड्याने खडकावर बाटलीतलं पाणी ओतलं आणि सुक्या दगडात न दिसणारं काळसर कडं उमटलं. शहाळ्याएवढं अंडं! आई पंचाहत्तरीची, तीही खाली बसून बोट फिरवत होती. २०१९ पासून तिथे संग्रहालयही आहे, पण आम्हाला तो ओला दगडच जास्त आवडला.

गोकाक
मी शिक्षिका आहे. "बाई, आपल्याकडे का नाही सापडत?" हे दरवर्षी ऐकते. डायनासोर आले सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वी, आणि आपल्या धबधब्याचा दगड त्याच्याही कितीतरी कोटी वर्षं आधीचा, हाडांचे प्राणीच नव्हते तेव्हाचा. आसपासचा काळा पत्थर लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे डायनासोर संपत आले तेव्हाचा. मधल्या काळाचे थर इथे उरलेलेच नाहीत.

पण आपल्याकडे गेंडा आहे! रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने गोकाकजवळ सापडलेल्या गेंड्याच्या जीवाश्मांचं वर्णन १८७४ साली छापलं. नाव दिलं र्‍हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस, म्हणजे दख्खनचा गेंडा. तो डायनासोरांच्या फार नंतरचा. घटप्रभेच्या काठी गेंडे चरत होते म्हटल्यावर वर्ग एकदम गप्प होतो. धबधब्यापाशी मला तरी याची पाटी दिसली नाही. फायबरच्या डायनासोरांवर एवढा खर्च होतो, मग आपल्या गेंड्याचा एक पुतळा गोकाकला व्हायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

बेळगाव
बाई, थोरल्याला हे वाचून दाखवलं. रविवारी आम्ही गोकाकला येतोय. तिथे पोरांना हात लावून बघता येईल असं काय आहे?

गोकाक
लाटांचा दगड बघा. जुन्या उथळ पाण्याने वाळूवर उमटवलेल्या लाटा तशाच दगड झाल्यात, बोटांना कळतात. पाण्याच्या कडेला मात्र जाऊ नका, ५२ मीटरचा कडा आहे. आणि सकाळी लवकर या, तिरप्या उन्हात त्या लाटा उठून दिसतात.