मदत हवी आहे: आधी कोचिंग की आधी अ‍ॅथलेटिक ट्रेनिंग? (अमेरिका)

माझा मुलगा ओहायोत डिव्हिजन ३ कॉलेजात (कॉलेज खेळांचा तिसरा गट) चार वर्षं फुटबॉल (अमेरिकन) खेळला, लाइनबॅकर म्हणून, म्हणजे बचावफळीत. मे महिन्यात कायनेसिऑलॉजीची (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) पदवी मिळेल. पुढे खेळायचं नाही हे नक्की, पण मैदान सोडवत नाही. गुडघ्याचं लिगामेंट फाटलं तेव्हा टीमच्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरने (खेळाडूंच्या दुखापती सांभाळणारा, जिममधला ट्रेनर नव्हे) त्याला ज्या चिकाटीने उभं केलं, तेव्हापासून तेच काम करायचं त्याच्या मनात आहे. दुसरीकडे, ओळखीच्या एका कोचने ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून (मास्टर्स करता करता कोचिंगला मदत) ये, असं सुचवलंय. तिथे फी माफ आणि थोडा भत्ता मिळेल, पण त्या कॉलेजात अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगचा कोर्सच नाही.

आता ट्रेनर व्हायला मान्यताप्राप्त मास्टर्स लागतं, मग बीओसीची (ट्रेनरना प्रमाणपत्र देणारं बोर्ड) परीक्षा, आणि बहुतेक राज्यांत परवाना, एवढं आम्हाला कळलंय. प्रवेशाला लागणाऱ्या विषयांपैकी बायोलॉजी, अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, सायकॉलॉजी झालंय. केमिस्ट्री आणि फिजिक्स राहिलंय. दोन विद्यापीठांना ईमेल केले, उत्तरं मोघम आली. त्याच्या कॉलेजचे ट्रेनर म्हणतात, मास्टर्समधल्या क्लिनिकलच्या (प्रत्यक्ष कामाच्या) तासांमुळे सीझनमध्ये कोचिंग जमणं अवघड.

तो अमेरिकन नागरिक आहे, त्यामुळे व्हिसाचा प्रश्न नाही. राज्य बदलायची तयारी आहे, मोठं कर्ज मात्र नको. फिजिओथेरपीचा पर्याय त्याने विचार करूनच बाजूला ठेवलाय.

तुमच्यापैकी कुणी, किंवा कुणाच्या मुलांनी, आधी दोन वर्षं कोचिंग करून मग हे मास्टर्स केलंय का? राहिलेले दोन विषय कम्युनिटी कॉलेजातून केले तर प्रवेशाला चालतात का?